लेस्टरचे वेळापत्रक आणि महालातले बाळंतपण

सातव्या महिन्यात माझी भाची पुण्याहून नागपूरला, महाल भागातल्या माहेरी आली आणि पुढच्याच रविवारी तिचा फोन आला : “मामा, इंग्लंडमध्ये जन्मल्याबरोबर हिपॅटायटिस-बीची लस देत नाहीत म्हणे. मग आपल्याकडेच एवढी घाई कशासाठी?” मागून मावशीचा आवाज आला, “इवल्याशा लेकराले सुई कायले टोचता?” घरच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका संदेशातून हा वाद उठला होता आणि चौदा वर्षे इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात राहणारा मी त्यातला साक्षीदार ठरलो होतो.

साक्ष द्यायची तर संदेशातले वाक्य खरे आहे. ब्रिटनमध्ये यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस-बी विषाणूवरची ही लस सरसकट सर्व बाळांना मिळू लागली ती ऑगस्ट २०१७ पासून, आणि तीही आठव्या, बाराव्या व सोळाव्या आठवड्यांत, सहा रोगांवरील एकत्रित लसीतून. भारताने ती २०११ मध्येच देशभर लागू केली होती. इथे ब्रिटनमध्ये या रोगाचे प्रमाण कमी असल्यामुळे प्रत्येक बाळामागचा खर्च सरकारी हिशेबात बसत नव्हता. माझा मुलगा २०१४ मध्ये जन्मला. त्याच्या लसीकरणाची लाल वही नागपुरात धरमपेठेतल्या एका बालरोगतज्ज्ञांनी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “यात हिपॅटायटिस-बी कुठे आहे?” विलायतेच्या वहीतली ती रिकामी जागा अखेर नागपुरात तीन खेपांमध्ये भरून निघाली. त्या दिवसापासून ‘प्रगत देशात असे करतात’ हा युक्तिवाद मी जरा जपूनच वापरतो.

संदेशात जे सांगितलेले नाही ते असे. इथे प्रत्येक गर्भवतीला सुरुवातीच्याच रक्ततपासणीत एचआयव्ही व सिफिलिसबरोबर हिपॅटायटिस-बीची चाचणीही देऊ केली जाते आणि जवळजवळ सर्वच जणी ती करून घेतात. आईला संसर्ग आढळला, तर बाळाला पहिली लस चोवीस तासांच्या आत आणि दुसरी चौथ्या आठवड्यात मिळते. म्हणजे जन्मतःची लस इथेही आहे, फक्त ती कोणाला द्यायची हे आधी ठाऊक असते. या ठाऊक असण्यामागे पत्ता बदलला तरी मागोमाग येणारी नोंद आणि बाळंतपणाच्या वेळी तो निकाल हाताशी असणारी सुईण असते. वेळापत्रक उचलून आणता येते, ही व्यवस्था त्याबरोबर येत नाही.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. गरोदरपणाचे सहा-सात महिने एका गावी, प्रसूती दुसऱ्या गावी आणि फाइल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे तीन कोटी लोकांना हिपॅटायटिस-बीचा जुनाट संसर्ग होता. यातल्या बहुतेकांना तो असल्याचे ठाऊक नसते, कारण वर्षानुवर्षे काही दुखत नाही. प्रौढपणी संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाचांहूनही कमी जणांमध्ये तो कायमचा ठाण मांडतो. जन्माच्या वेळी आईकडून बाळाकडे आला, तर शंभरांपैकी नव्वद बाळांमध्ये तो टिकतो आणि पुढे यकृत निबर होणे किंवा यकृताचा कर्करोग, अशा रूपांत काही दशकांनी उगवतो. लस चोवीस तासांत हवी ती यासाठी. तैवानने हा कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू केला आणि मुलांमधील यकृताचा कर्करोग घटल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

मावशीची शंका मात्र लंडनहून आलेली नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या वस्तीत गणेश मंडळाच्या मांडवात पैसे भरून लस टोचण्याचे शिबिर झाले होते आणि सगळ्यांनी तिला ‘काविळीची लस’ म्हटले होते. पुढच्या पावसाळ्यात दूषित पाण्याने घरोघरी डोळे पिवळे झाले, उसाचा रस आणि काविळीच्या माळा सुरू झाल्या, आणि लस फसवी ठरली. पाण्यातून पसरणारे अ आणि ई हे विषाणू निराळे, रक्तातून व प्रसूतीत पसरणारा बी निराळा, सी वर तर अजून लसच नाही, पण आपल्या भाषेत सगळ्यांना मिळून ‘कावीळ’ हा एकच शब्द आहे. शिबिरवाल्यांनी हा फरक सांगायला हवा होता, असे मला आजही वाटते.

वादच घालायचा असेल तर तो मध्यरात्री किंवा सुटीच्या दिवशी जन्मलेल्या बाळांवर घालावा. दहा मात्रांची कुपी एकाच बाळासाठी फोडायला कर्मचारी कचरतात आणि चोवीस तास निघून जातात. उरलेल्या मात्रा वाया गेल्या तरी त्याचा जाब कुणाला द्यावा लागणार नाही, एवढे प्रत्येक प्रसूतिगृहात लिहून लावले तरी पुष्कळ काम होईल.

भाचीला मी हे सगळे सांगितले, तिने ऐकूनही घेतले. शेवटी विचारले, “तुझा हिपॅटायटिसचा रिपोर्ट काय आला होता?” ती थोडा वेळ गप्प राहिली. तपासणी झाली होती हे तिला नक्की आठवत होते, निकाल आठवत नव्हता, आणि फाइल पुण्यातल्या कपाटात होती.