दारातल्या चपला

फोटोग्राफीच्या क्लासमधले सर म्हणाले, विषय जितका चिमुकला तितकं काम चांगलं. म्हणजे सूर्यास्त बाद, सिंहगडही बाद. उदाहरण दिलं बेर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन जोडप्याचं. १९५९ पासून दोघं मिळून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या असलंच काहीबाही टिपत राहिले. तेही ढगाळ हवेत, सावल्या पडू नयेत म्हणून. १९९० साली व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला, आणि तो चक्क शिल्पकलेचा! घरी हे सांगितल्यावर बायकोने ‘दोघं मिळून?’ एवढंच विचारलं आणि ती कुकर लावायला गेली.

मी विषय घेतला दाराबाहेरच्या चपला. फुकट, मुबलक आणि पोझ द्यायला लाजत नाहीत. मालकांचं मी धरलंच नव्हतं.

सदाशिव पेठेतल्या एका जिन्यात उकिडवा बसलो होतो, तोच दार उघडलं.

“काय हवंय?”

“चपलांचा फोटो काढतोय. प्रकल्प आहे.”

“कुणाचा? महापालिकेचा?”

“माझाच.”

“मग स्वतःच्या चपलांचे काढा की!”

दार बंद. यावर आजतागायत मला उत्तर सुचलेलं नाही.

त्यात जिना अंधारा आणि चपला काळ्या. कॅमेरा बिचारा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो, त्यामुळे काळी चप्पल राखाडी येते. एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, उण्यात न्यावं लागतं. ते नेईपर्यंत गुडघे वाजतात आणि त्या आवाजाने शेजारचंही दार उघडतं.

आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर एकदा मेसेज आला : ‘सावधान! बी विंगमध्ये एक इसम चपलांची पाहणी करताना दिसला. पन्नाशीचा, पोट सुटलेला.’ पोटाचं लिहायची काही गरज नव्हती.

पुढे माझी ओळख पटली आणि जास्तच पंचाईत झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची स्लीपर मला हवीच होती : अंगठा सेफ्टी पिनेने धरलेला, टाच इतकी झिजलेली की खालची फरशी दिसावी. मला बघताच काकांनी ती पायाने आत ढकलली आणि मुलाने अमेरिकेहून पाठवलेले बूट आणून मांडले. खोक्यासकट.

पालखीच्या मुक्कामाला नाना पेठेत निवडुंग्या विठोबाजवळ गेलो, तेव्हा मात्र एका वारकरीबुवांनी काहीही न विचारता आपली चप्पल उलटी करून ठेवली. “खालून काढा माऊली, झिज तिकडं हाय.” माझा सगळ्यात चांगला फोटो तोच. सरांनाही आवडला, श्रेय त्यांनी प्रकाशाला दिलं.

गेल्या महिन्यात काकांच्या त्या स्लीपरची जोडी नाहीशी झाली. ग्रुपवर टाकायला फोटो हवा म्हणून काकू आमच्याकडे आल्या. मी चोरून टिपलेला एक होता, तो दाखवला. काकूंनी बोटांनी मोठा केला.

“स्लीपर आमचीच. पण शेजारी हे बूट कुणाचे? आणि हे सँडल? तारीख काय हो याची?”

मी सांगितली.

“म्हणजे मी नाशिकला होते तेव्हा. पथ्याचं जेवतो, नवाला झोपतो, असं रोज फोनवर सांगत होते हे. आणि इथे पत्त्यांचा अड्डा!”

स्लीपरचा विषय तिथेच संपला. काकूंनी तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेतला आणि जाता जाता विचारलं, “मेमध्ये मी पुन्हा जाणार आहे. तेव्हा तुमचा प्रकल्प चालू असेल ना?”