‘अनुभवी’ यांच्या प्रतिक्रियेस उत्तर

आफ्रिकेतील लेसोथो या देशाच्या धरण-प्रकल्पातील लाचखोरीवर मी लिहिलेल्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. लाच घेतल्याबद्दल दोषी ठरलेले प्रकल्प-प्रमुख मासुफा सोले यांची १८ वर्षांची शिक्षा अपिलात १५ वर्षांवर आली, हे मी लिहायला हवे होते. ती चूक कबूल, आणि लेखात दुरुस्तीही केली आहे. मदत थांबली तर मरण गरिबांचेच, हा आपला दुसरा मुद्दा सोडून देतो, कारण मदत थांबवा असे मी कुठेच म्हटलेले नाही.

उरते ते आपले एक वाक्य : “आफ्रिकेत पैसे चारल्याशिवाय पान हलत नाही, तिथे कंपन्या बिचाऱ्या काय करणार, हे खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांना कळायचे नाही.” या वाक्यातील तुच्छता मी एकवेळ गिळली असती; ‘बिचाऱ्या’ हा शब्द मात्र घशाखाली उतरत नाही. सोले हे प्रकल्प प्राधिकरणाचे मुख्याधिकारी होते आणि त्यांनी पैसे खाल्ले, हे खरेच. परंतु कॅनडाच्या एकर्स कंपनीने त्यासाठी एका मध्यस्थाशी रीतसर प्रतिनिधी-करार केला होता, मोबदला स्वित्झर्लंडमधील बँकेत जमा होत होता आणि त्यातला मोठा वाटा तिथूनच सोले यांच्याकडे वळत होता. नुसते पान हलवायला कोणी एवढा कागद रंगवतो काय? मध्यस्थाने पुढे काय केले ते आम्हांस ठाऊक नव्हते, हा कंपनीचा बचाव लेसोथोच्या न्यायालयाने २००२ मध्ये फेटाळला. ज्या जागतिक बँकेचा पैसा या प्रकल्पात होता, तिने एकर्सला आपल्या कामांतून तीन वर्षांसाठी बाद केले ते २००४ मध्ये. जर्मनीच्या लामायर कंपनीलाही याच न्यायालयांनी दोषी ठरवले. आणि जर्मनीत तर परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच १९९९ पर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा मिळत असे. चिमुकल्या लेसोथोने खटले भरले, हे आपल्या ‘आफ्रिकेत’ या शब्दात कुठे बसते?

आता खुर्चीविषयी. एका ठेकेदार कंपनीच्या हिशेब विभागात मी नऊ वर्षे होतो, त्यांतली चार पूर्व आफ्रिकेत. १९९६ साली माझ्या टेबलावर ‘स्थानिक समन्वय खर्च’ असे लिहिलेले व्हाउचर आले. सोबत ना बिल, ना पावती; टाचणीने लावलेली एक चिठ्ठी आणि तिच्यावर परदेशातील खाते-क्रमांक. पैसे मागितले कोणी, असे मी विचारले, तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले की अजून कोणी मागितलेले नाहीत, मागण्याआधी पोचले पाहिजेत. मी सही केली. त्याबद्दल आपण मला हवे ते म्हणावे, पण मला अनुभव शिकवू नये.

त्या व्हाउचरवर माझे पूर्ण नाव आहे. आपल्या प्रतिक्रियेखाली आपले असते, तर हे उत्तर याहून सौम्य झाले असते.