अंधाऱ्या कादंबरीमालेचा पारायणविधी

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातला माणूस जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही सिंहासनासाठी भांडणाऱ्या कल्पित घराण्यांची, अजून अपुरी असलेली कादंबरीमाला वाचायला जन्मतःच पात्र असतो. गाव एकीकडे, नकाशावरची रेघ दुसरीकडे आणि निकाल लागायचाच आहे, एवढा अभ्यास त्याचा बालवाडीच्या आधीच झालेला असतो. पण नुसत्या पात्रतेवर वाचनाचा बट्ट्याबोळ होत नाही. त्याला साधना लागते.

सुरुवात खरेदीपासून करा. माला पाच खंडांची आहे, पण आपल्याकडे मिळणाऱ्या पेपरबॅक संचात ठोकळे सात निघतात, कारण तिसरा आणि पाचवा खंड प्रत्येकी दोन भागांत फोडलेला आहे. पाठीवरची बारीक अक्षरं वाचत बसू नका. जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिसऱ्याचा पहिला भाग दिसला की पूर्ण खंड समजून उचला आणि शनिवारी रात्री सुरू करा. सगळ्या फौजा ऐन रस्त्यात असताना पानं संपतील. दुसरा भाग टिळकवाडीतल्या मावसभावाकडे असेल, मावसभाऊ नोकरीला बंगळूरला असेल आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. दोन्ही भाग हातात आल्याशिवाय पहिला न उघडणारे लोकही जगात आहेत. त्यांच्या नादी लागू नका. फुटपाथवरची स्वस्त नक्कल मिळाली तर उत्तमच. तिच्यात नकाशाच्या जागी शाईचा डाग असतो, पण आपण नकाशा वाचतो कुठे? आपण त्यावर दावा सांगतो.

पहिला खंड १९९६ चा. उघडताच नमनाचं प्रकरण येतं, ते ज्याच्या नजरेतून सांगितलंय त्याच्यावर जीव लावा. पाचही खंडांत हा नमनाचा मानकरी फार काळ टिकत नाही, तरी प्रत्येक वेळी नव्याने हळहळा. तिसऱ्या आणि पाचव्या खंडाला उपसंहारही आहे. तिथल्या माणसाचा विमा उतरवायला हरकत नाही.

नमनानंतर प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एका पात्राचं नाव येतं. पहिल्या खंडात अशी आठ पात्रं आहेत. ज्याचं नाव, त्याला जे दिसलं, ऐकू आलं आणि समजलं तेवढंच त्या प्रकरणात असतं, चुकीचं समजलेलंसुद्धा. सगळी मेख इथे आहे, म्हणून इकडे अजिबात लक्ष देऊ नका. कुणा सैनिकाने ‘अमका मेला’ म्हटलं की त्याचं तेरावं उरकून टाका. तोच पुढे कुठेतरी चालत आला की लेखकाला लबाड ठरवा. आवडत्या पात्राचीच प्रकरणं वाचायची, बाकीची चाळायची, हा उपायही गुणकारी आहे. एका प्रकरणातल्या पत्राचा अर्थ दहा प्रकरणांनंतर भलत्याच माणसाच्या तोंडून उलगडतो, आणि तीच पानं तुम्ही शिताफीने उलटलेली असतात.

नावांचा गुंता झाला तर? प्रत्येक खंडाच्या शेवटी परिशिष्ट असतं: कुठलं घराणं, कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाचा मांडलिक. वाचत असलेल्या खंडाचंच परिशिष्ट पाहिलं तर काम भागतं. तुम्ही थेट चौथ्याचं उघडा. त्यात आधीच्या तीन खंडांत कोण कुठे मारलं गेलं याची नोंद घराणेवार सापडते. पुढची दीड-दोन हजार पानं तुम्ही शांत चित्ताने वाचाल, कारण धक्का बसण्यासारखं काही उरलेलंच नसेल.

आता चौथा आणि पाचवा. भलेभले इथेच माती खातात. लिहिता लिहिता मजकूर एका पुस्तकात मावेना, तेव्हा लेखकाने तो काळाने न तोडता पात्रांनी आणि प्रदेशांनी तोडला. म्हणून चौथ्या खंडात (२००५) तुमची लाडकी तीन-चार माणसं जवळपास गायब आहेत. ती पाचव्यात (२०११) भेटतात, आणि पाचव्याचा बराचसा भाग चौथ्याच्याच काळात घडतो. हे माहीत असलेला वाचक चौथा खंड थकल्याभागल्या, लढाईनंतरच्या देशाची गोष्ट म्हणून निवांत वाचतो. काहीजण दोन्ही खंडांची प्रकरणं कालक्रमाने एकात एक ओवतात. पहिल्या वाचनाला हा उद्योग तसा जडच, कारण दोन ठोकळे मांडीवर आणि यादी हातात. तुम्ही मधला मार्ग धरा. चौथा शंभर पानं वाचून भिरकावून द्या, थेट पाचवा घ्या आणि कोण कुठून उगवलं हे कळेना झालं की माला घसरली असा निकाल द्या. ‘काय वाचूलालास गा?’ असं कुणी विचारलंच, तर मालिका बघितल्याचं सांगा. टीव्हीवरची मालिका, ‘गेम ऑफ थ्रोन्स’, २०१९ ला संपलीसुद्धा, पुस्तकांना मागे टाकून. शेवट तिथे मिळतो. पटतो की नाही ते ज्याने त्याने बघावं.

पावसाळ्याचं थोडक्यात. खानापूर-जांबोटीकडे जाड पेपरबॅक भिंतीला टेकवून ठेवलं की श्रावणापर्यंत बुरशी हमखास धरते. कुंदा खाल्लेल्या बोटांनी पानं उलटलीत तर मुंग्याही वाचनात भाग घेतात. पाठ मोडेपर्यंत उताणं पसरून वाचा, म्हणजे डिंक सुटून मधलं एक प्रकरण वेगळं होईल आणि तेवढंच मित्राला देता येईल.

खरा कस पुढे लागतो. चौथ्याच्या शेवटी लेखकाने पाचवा पुढच्या वर्षी येईल अशी आशा व्यक्त केली होती. सहा वर्षं लागली. सहावा, ज्याच्या नावातच हिवाळा आहे, तो अजून नाही. बाहेरचा वाचक यावर चिडतो, लेखकाचं वय मोजतो. सीमाभागातल्या वाचकाला हे शोभत नाही. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून, म्हणजे चौथ्या खंडाच्याही आधीपासून. आपल्याला तारीख पडायची सवय आहे. शिवाय आपल्याकडे हिवाळा येतो! बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, हॉटेलं भरतात, रस्ते अडतात. लेखक इथे राहायला असते तर पुस्तक लवकर झालं असतं असं नाही, पण राजकारणाची प्रकरणं नक्की वाढली असती.

दरम्यान करमत नसेल तर लेखकाने २०१८ साली त्याच जगाचा जुना राजवंशी इतिहास काढलाय, ‘फायर अँड ब्लड’. जाडजूड आहे, घ्याच. तो दोन भागांतला पहिला. दुसरा अजून लिहायचाय.