स्प्रिंगला गॅस लावून गाडी खाली बसवू नका

परवा रात्री भाच्याने एक रील पाठवली. खाली लिहिलं होतं, 'मामा, आपल्या गॅरेजात गॅस आहेच. रविवारी करूया?'

रीलमधला पोरगा सांगतो, दोनशे रुपयांत गाडी लो करा. उभ्या गाडीच्या स्प्रिंगवर गॅसची ज्योत धरायची, स्प्रिंग लाल झाली की गाडी आपोआप खाली बसते. नाहीतर ग्राइंडरने दीड वेटोळं कापायचं. जंपर, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, बदलायला नको, गाडी रस्ता धरते, अॅव्हरेज वाढतं, आरटीओवाले काही बोलत नाहीत. हीच रील मला आतापर्यंत चौघांनी पाठवली. भाच्याची गाडी म्हणजे जुनी स्विफ्ट, आणि तिच्या मागच्या सीटवर माझी बहीण बसते. म्हणून आता लिहितोच.

आधी गॅसचं. लोहार कोयत्याला पाणी देतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. स्प्रिंगचं पोलाद आधी लाल तापवून तेलात विझवतात. त्याने ते कडक होतं, पण ठिसूळही होतं. मग साधारण 400 ते 500 अंशांवर पुन्हा तापवतात, तेव्हा त्यात चिवटपणा येतो. सगळा जीव त्या शेवटच्या तापवण्यात असतो. आता दिवसाउजेडी लाल दिसणारं पोलाद 600 अंशांच्या वर गेलेलं असतं. म्हणजे ज्योत लावली त्या जागचं पाणी उतरलं. गाडी खाली बसते ती तेवढा तुकडा मऊ पडला म्हणून, आणि त्यानंतर प्रत्येक खड्ड्यात तो आणखी बसत जातो. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. घाईने वर पाणी ओतलं तर तोच तुकडा ठिसूळ होऊन कधी तुटेल याचा नेम नाही.

शिवाय स्विफ्टला पुढे स्प्रिंगच्या आतच जंपर उभा असतो. त्यात तेल, वर रबरी सील, बाजूने ब्रेकचा होज पाइप. या सगळ्यावर तो पोरगा कॅमेऱ्याकडे बघत ज्योत फिरवतोय! त्याच्या हातात मोजेसुद्धा नाहीत.

ग्राइंडरने कापणं यापेक्षा बरं, एवढं कबूल करतो. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते. पाच चालती, म्हणजे दबणारी, वेटोळी असतील आणि एक काढलं तर सव्वापट. त्यामुळे वळणावर गाडी कमी झुकते, हेही खरं. पण स्प्रिंगची लांबी जाते त्याचं काय? मागे एक कापलेली गाडी माझ्या लिफ्टवर आली होती. चाकं लोंबकळली आणि पुढची स्प्रिंग हाताने गोल फिरायला लागली. कापलेलं टोक खालच्या वाटीच्या खाचेत बसलंच नव्हतं, वाटीवर त्याने नवा चकचकीत ओरखडा काढला होता. खड्ड्याच्या कडेवरून चाक खाली पडतं तेव्हा नेमकं हेच होतं, फक्त तेव्हा गाडी साठच्या वेगात असते. गाडी अशी खाली बसली की चाकं आत कलतात. त्या गाडीचे टायर बाहेरून नक्षीसकट शाबूत होते, आतल्या कडेला तार दिसत होती. मालकाने वाकून कधी पाहिलंच नव्हतं.

जंपर तोच ठेवला तर दांड्याला खाली जायला जागाच उरत नाही. तो शेवटच्या रबरी अडणीवर, बंप स्टॉपवर, आपटतो, चाक उसळतं, आणि उसळलेलं चाक कुठला रस्ता धरणार?

आरटीओ बोलत नाही म्हणे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा: गाडीच्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. नाक्यावर कुणी अडवलं नाही म्हणून कायदा नाहीसा होत नाही, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतोच.

अॅव्हरेजचं सोडा. गावातल्या वेगात काडीचा फरक पडत नाही.

जुन्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 170 मिमी. त्यातले साठ घालवले, वर चार माणसं बसवली, की उरतं काय? नियमातला गतिरोधक 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्यावरून गाडी निघेलही. आपल्याकडचे हातभर रुंदीचे उंचवटे थेट चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला, लागतात. चेंबर फुटला, तेल गेलं, की इंजिन गेलं.

भाच्या, गाडी वळणावर डुलते ही तुझी तक्रार मला ठाऊक आहे. मागच्या खेपेला पुढच्या दोन्ही जंपरवर तेल ओघळलेलं मी तुला बोट लावून दाखवलं होतं. त्याच तेलावर तू आता ज्योत धरायला निघालास. रविवारी ये, जंपरची जोडी आणि चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश बदलू, अलाइनमेंट करू. पैसे दिवाळीनंतर दे.