हिवरे बाजारचे ‘साठ करोडपती’ आणि माझ्या मामेभावाचा बोअर

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर तीन नातेवाइकांकडून माझ्यापर्यंत आला: नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या साडेबाराशे वस्तीच्या गावात साठ करोडपती राहतात, तेथे पाऊस भरपूर आहे, घरोघरी बोअर आणि शेतोशेती ऊस आहे, डास एकही नाही आणि हे सारे एकट्या माणसाने केले. दोनदा मी दुर्लक्ष केले. तिसऱ्यांदा तो पारनेर तालुक्यातल्या मामेभावाने पाठवला आणि सोबत त्याच्या रानात उभ्या असलेल्या बोअरच्या गाडीचे छायाचित्र होते, म्हणून हे लिहावे लागत आहे.

करोडपतींचे आधी उरकतो. ‘डाउन टू अर्थ’ या नियतकालिकाने २००८ च्या सुरुवातीला या गावावर वृत्तांत दिला, त्यात ५४ ‘मिलियनेअर’ असल्याचे म्हटले होते. मिलियन म्हणजे दहा लाख. वर्षाला दहा लाख रुपयांवर उत्पन्न असलेल्यांचे पुढे कुणीतरी करोडपती केले आणि चोपन्नाचे साठ झाले. गावाचे सारे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर आणि कुटुंबे सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे डोंगर, वन, रस्ते, गावठाण धरूनही घरटी दहा-अकरा एकर. कांदा आणि दूध विकून एवढ्यावर कोटी कसे जमतात, हे मजकूर लिहिणाऱ्याने एकदा वहीवर मांडून दाखवावे.

पाऊस भरपूर असता तर या गावाची गोष्ट कुणी सांगितलीच नसती. नगर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. हिवरे बाजारला वर्षभरात सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला तेवढा जुलैच्या एका आठवड्यात होऊन जातो.

खरा घात बोअर आणि उसाच्या वाक्यात आहे, कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके नाकारली. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदून आणि ओढ्यांवर बांध घालून अडवलेले पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि झिजलेल्या खडकात, आणि तेच उघड्या विहिरींना मिळते. बोअर त्याच्याही खाली, काळ्या पाषाणाच्या भेगांत उतरतो. त्या भेगा भरायला फार वेळ लागतो आणि वरचे पाणीही त्या वाटेने खाली ओढले जाते, म्हणजे एकाच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटू शकते. गावातल्या विहिरी ९७ वरून २१७ वर गेल्या, त्या या बंदीमुळे टिकल्या. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी पिण्याचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरवायचे, ही तेथील रीत आहे. मजकुरातून गाळले गेले ते नेमके हेच.

मामेभावाच्या रानात गाडी पहाटेपर्यंत चालली. दीडशे फुटांवर थोडा ओलावा दिसला, नंतर साडेतीनशे फुटांपर्यंत नुसती राखाडी भुकटी उडत राहिली आणि बांधावरची लिंबाची झाडे सकाळी पांढुरकी झालेली होती. उसाच्या बेण्याची उचल त्याने आधीच देऊन ठेवली होती.

हे सारे एकट्या माणसाने केले, हा दावा निम्मा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास सरपंच झाले नसते तर १९७२ च्या दुष्काळानंतर मोडत गेलेले हे गाव बहुधा तसेच राहिले असते आणि त्यांना मिळालेली पद्मश्री उगाच नाही. १९९५ च्या पाहणीत १८० पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती, ती संख्या वर सांगितलेल्या वृत्तांताच्या वेळी तीनवर आली होती. हा फरक कुठल्याही करोडपतीपेक्षा मोठा आहे. पण कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी सरपंच एकटा पाळू शकत नाही. स्वतःची शेळी डोंगरावर न सोडणारे शेकडो लोक त्यासाठी लागतात, आणि आदर्श गाव योजनेतून आलेला सरकारी पैसाही लागतो.

उरले डास. डास दाखवा आणि शंभर रुपये न्या, असे ते गाव सांगते म्हणतात. खरे असो वा खोटे, त्यापायी कुणी कर्ज काढून बोअर घेत नाही, तेव्हा तेवढा मुद्दा मी मजकूर लिहिणाऱ्याला बहाल करतो.