‘गिट पुरेसे आहे, बाकी सारी जाहिरात’ : एका दाव्याचा प्रतिवाद

गिटहबने, म्हणजे कोड ठेवण्याच्या आणि त्यावर एकत्र काम करण्याच्या संकेतस्थळाने, एखादे नवे वैशिष्ट्य जाहीर केले किंवा ऑक्टोबर जवळ आला, की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : कोडवर एकत्र काम करण्यासाठी मूळ गिट (बदलांचा इतिहास ठेवणारे सॉफ्टवेअर) पुरेसे आहे, त्यावर चढवलेली वैशिष्ट्ये दिखाऊ आहेत, दर ऑक्टोबरात खुल्या प्रकल्पांना योगदान देण्याचे आवाहन करणाऱ्या हॅक्टोबरफेस्टसारख्या उपक्रमांतून प्रकल्पांना कचऱ्याखेरीज काही मिळत नाही, आणि फुकट सोयींच्या मोबदल्यात आपला कोड २०१८ पासून, गिटहब विकत घेणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा होत चालला आहे. या विधानांत तथ्याचा अंश आहे आणि तोच अडचणीचा आहे, कारण त्याच्या आधाराने उरलेलेही खपून जाते.

पहिला मुद्दा गिटच्या पुरेपणाचा. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नेलसाठी (लिनक्स प्रणालीच्या गाभ्यासाठी) गिट लिहिले आणि कर्नेलचे काम आजही मुख्यतः ईमेलने पाठवलेल्या पॅचवर, म्हणजे बदलांच्या मजकुरावर, चालते, हे खरे आहे. मात्र तेथे प्रत्येक उपप्रणालीला स्वतंत्र मेंटेनर (देखभाल करणारे आणि बदल स्वीकारणारे) आहेत, त्यांच्या हाताखालून गाळून आलेले बदलच टोरवाल्ड्स यांच्यापर्यंत पोहोचतात, आणि पॅचचा माग ठेवणारी तसेच त्यांची आपोआप चाचणी घेणारी यंत्रणाही कर्नेलच्या लोकांना उभारावीच लागली आहे. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात एखादी लायब्ररी (इतरांना वापरता येणारा तयार कोड) चालवणाऱ्या एकट्या मेंटेनरजवळ अशी उतरंड नसते. कोणता बदल कधी झाला हे गिट चोख सांगते. तो कोणी तपासला, कोणती चाचणी फसली, कोणती सूचना का नाकारली गेली, हे पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) आणि इश्यू (दोष वा सूचनेची नोंद) यांच्या नोंदींतच सापडते.

वैशिष्ट्ये दिखाऊ असल्याचा आरोप काहींच्या बाबतीत मान्य करायला हवा. प्रोफाइलवरचे बिल्ले नसते तर कोणत्याही प्रकल्पाचे काही अडले नसते. सलग किती दिवस योगदान दिले हे मिरवणारा आकडा तर गिटहबनेच २०१६ मध्ये काढून टाकला, आणि बरे केले. पण दिखाऊ ठरवलेल्या याच वैशिष्ट्यांत कोडमध्ये राहून गेलेली गुपिते शोधणारी सुविधाही येते. कोणी चुकून एपीआय की (एखादी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) कमिट केली, म्हणजे इतिहासात नोंदवली, आणि पुढच्या कमिटमध्ये पुसली, तरी ती इतिहासात शिल्लक राहते, कारण जुने जपून ठेवणे हाच गिटचा स्वभाव आहे. सार्वजनिक रेपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) गेलेली की बाहेर पडली असेच धरावे लागते आणि ती रद्द करण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे पुश होतानाच (आपल्या संगणकावरून गिटहबवर जातानाच) ती ओळखून अडवणारे संरक्षण मोलाचे ठरते. सार्वजनिक रेपॉझिटरींसाठी ते २०२३ मध्ये मोफत झाले आणि २०२४ पासून मुळातच चालू ठेवले जाऊ लागले. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या, चाचण्यांसारखी कामे आपोआप चालवणाऱ्या गिटहब ॲक्शन्सचेही तेच. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस या तिन्ही ठिकाणी चाचण्या चालवणे पूर्वी लहान प्रकल्पाला जिकिरीचे होते; आता सार्वजनिक रेपॉझिटरीला मानक यंत्रांवर ते विनामूल्य मिळते.

हॅक्टोबरफेस्टविषयीच्या आक्षेपाला सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. डिजिटलओशन या क्लाउड कंपनीने २०१४ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात २०२० साली चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळत असे, आणि आरंभी कोणत्याही सार्वजनिक रेपॉझिटरीवरची रिक्वेस्ट त्यासाठी धरली जात होती. परिणाम व्हायचा तोच झाला. प्रकल्पाची ओळख देणाऱ्या ‘रीडमी’ फाइलीत एखादे विशेषण घुसडणाऱ्या, शीर्षकात ‘अद्भुत प्रकल्प’ असे शब्द घालणाऱ्या रिक्वेस्टींचा लोंढा आला आणि त्या बंद करत बसण्याचे काम, कोणी न विचारता, मेंटेनरांच्या गळ्यात पडले. फिरता मजकूर येथेच थांबतो. पुढचे सांगत नाही. त्याच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आयोजकांनी नियम उलटे फिरवले : ज्या प्रकल्पाने स्वतःहून ‘हॅक्टोबरफेस्ट’ हे विषयाचे लेबल लावले आहे तोच सहभागी, आणि मेंटेनरने मर्ज केलेली (मूळ कोडमध्ये मिसळलेली), मान्य केलेली किंवा स्वीकृतीचे लेबल लावलेली रिक्वेस्टच ग्राह्य. २०२३ मध्ये टी-शर्टही गेला आणि त्याच्या जागी डिजिटल बिल्ला आला. दोष नवख्यांना बोलावण्यात नव्हता. मोजमाप रिक्वेस्टींच्या संख्येचे होते आणि होकार देण्याचा अधिकार ज्यांच्यावर काम पडणार होते त्यांच्याकडे नव्हता. खरे दुखणे ते.

शिवाय ‘उपक्रम’ म्हणून सगळ्यांना एकाच माळेत ओवणेही चूक आहे. गूगल समर ऑफ कोड हा नवख्यांना खुल्या प्रकल्पांत आणणारा उपक्रम २००५ पासून चालू आहे. त्यात प्रकल्प आधी कामे जाहीर करतो, इच्छुक आपला प्रस्ताव मांडतो, निवड झाल्यावर मार्गदर्शक नेमला जातो आणि मानधनही मिळते. तेथे चार ओळी बदलून निसटता येत नाही. अशा उपक्रमाने मेंटेनरचा वेळ जातोच, मात्र किती जाईल हे त्याने आधी ठरवलेले असते.

मालकीचे विधान मात्र सरळ खोटे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ७.५ अब्ज डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात गिटहब ही कंपनी घेतली, तिच्यावर ठेवलेला कोड घेतला नाही. कोडचे हक्क लेखकाकडेच राहतात असे सेवाअटीच सांगतात. सेवा चालवण्यासाठी आणि सुधारण्यासाठी लागणारा परवाना तेवढा द्यावा लागतो. कोड सुचवणाऱ्या कोपायलट या गिटहबच्या एआय साधनाच्या प्रशिक्षणासाठी सार्वजनिक कोड वापरताना मूळ परवान्यांच्या अटी पाळल्या गेल्या का, हा प्रश्न गंभीर आहे आणि त्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत खटलाही दाखल झाला. पण तो परवान्याच्या पालनाचा वाद आहे. तो वाद लढायचा तरी हक्क लेखकाकडेच असावे लागतात, एवढे दावा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

अडकून पडण्याची भीती कोडपेक्षा त्याच्या भोवतालच्या गोष्टींबाबत रास्त आहे. क्लोन केलेल्या (आपल्या संगणकावर उतरवलेल्या) प्रतीत साधारणतः संपूर्ण इतिहास येतो, त्यामुळे कोड दुसरीकडे नेणे हे काही मिनिटांचे काम आहे. इश्यू आणि पुल रिक्वेस्टवरील चर्चा गिटमध्ये नसतात. गिटलॅब किंवा फोर्जेजो या गिटहबच्या पर्यायांच्या आयात सुविधेने त्या बऱ्याच अंशी आणता येतात. ॲक्शन्ससाठी लिहिलेल्या फाइली मात्र गिटलॅबवर नव्याने लिहाव्या लागतात. म्हणून जाणते मेंटेनर चाचणीचे प्रत्यक्ष टप्पे रेपॉझिटरीतल्याच एखाद्या स्क्रिप्टमध्ये ठेवतात आणि ॲक्शन्सच्या फाइलीतून ती स्क्रिप्ट फक्त चालवतात. स्थलांतराची वेळ आली तर बदलाव्या लागतात त्या चार-दोन ओळी.