मिस्त्रीला बोलवायचं नाही म्हणजे नाही!

सगळ्यात आधी मनाशी पक्कं करा की खोक्यातून सुट्या फळ्यांत येणारं कपाट घरी जोडणं हे सुताराचं कामच नाहीये, ते इंजिनीयरचं काम आहे आणि तुम्ही इंजिनीयर आहात. आता तुम्ही कॉम्प्युटरवाले इंजिनीयर आहात आणि फर्स्ट इयरला कारपेंट्रीचा जॉब वर्कशॉपच्या मामांनी करून दिला होता, तुम्ही फक्त त्यावर रोल नंबर टाकला होता, हा भाग आत्ता आठवायची गरज नाही. बायको विचारेल, "अहो, मिस्त्रीला फोन करू का?" तेव्हा फक्त हसायचं. हजार-बाराशे रुपये कोण देतं हो एवढ्याशा कामाला, नुसते स्क्रू तर पिळायचेत!

मग ते हजार रुपये वाचवण्यासाठी ड्रिल मशीनचा सेट मागवा. शंभरेक नग असलेला, चांगल्या बॉक्समधला, साधारण तीन हजारात येतो. हा खर्च कपाटाच्या खात्यात धरायचा नाही, ही गुंतवणूक आहे.

नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचं दुकान आहे, तिथून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, खोकं सारखंच येतं, चपटं, दिसायला निरुपद्रवी आणि उचलायला गेलात की मणक्याशी ओळख करून देणारं. (तुर्भ्याचं दुकान डिसेंबर 2020 मध्ये उघडलं, तेव्हापासून डोंबिवलीपासून पनवेलपर्यंतची माणसं रविवारी तिथे दुसऱ्यांचे बेडरूम बघत फिरतात आणि शेवटी जेवून, एक झाडाची कुंडी घेऊन घरी येतात. ज्यांनी कुंडीवर भागवलं ते सुटले.)

या चपट्या खोक्यामागे मोठा विचार आहे बरं का. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची 1859 ची ती प्रसिद्ध कॅफेची खुर्ची, तिचे सुटे भाग करून एक घनमीटरच्या पेटीत 36 खुर्च्या बसवायचे आणि जगभर पाठवायचे. पुढे 1956 मध्ये आयकियातल्या गिलिस लुंडग्रेन नावाच्या माणसाला टेबल गाडीत मावेना म्हणून त्याने पाय काढून ठेवले, आणि तिथून या कंपनीचं सुट्या भागांचं तंत्र सुरू झालं असं सांगतात. म्हणजे हवा वाहून न्यायचा खर्च त्यांचा वाचला, जोडायची मजुरी त्यांची वाचली आणि ती मजुरी करायचा मान तुम्हाला मिळाला, तोही पैसे भरून. एवढं करून 2017 मध्ये त्याच कंपनीने टास्करॅबिट विकत घेतलं, म्हणजे फर्निचर जोडायला माणूस पाठवणारं ॲप! त्यांना आपल्याबद्दल सगळं आधीच माहीत होतं, पण आपण मागे हटायचं नाही.

आता माहितीपुस्तिका. आयकियाच्या पुस्तिकेत जोडणीच्या पानांवर एक अक्षर नसतं, नुसती चित्रं, कारण तीच पुस्तिका सगळ्या देशांत चालवायची असते. मोठ्या कपाटाच्या पुस्तिकेत सुरुवातीलाच एक एकटा माणूस तोंड पाडून उभा असतो आणि त्याच्यावर फुली, शेजारी दोघे जण हसतायत. ती फुली तुमच्यासाठी नाही असं समजा. आणि दुसरा माणूस घ्यायचाच असेल तर बाबांना अजिबात घेऊ नका, ते फळीवर टिचकी मारून "हे लाकूड आहे?" एवढंच विचारतील आणि मग आजोबांच्या सागवानी कपाटाचा विषय निघेल जे चार माणसांनी उचललं होतं, त्या चौघांची नावंही कळतील. बायकोला घ्या. फळी धरून उभं राहण्यासाठी. "अजून किती वेळ धरू?" या प्रश्नाला "झालंच" हे उत्तर पाठ करून ठेवा.

शहाणी माणसं सांगतात की आधी सगळे स्क्रू मोजा, वेगवेगळे लावून ठेवा. कशाला? सगळ्या पिशव्या एकदम फोडा. दिसायला सारखे पण लांबीला दोन सूत कमीजास्त असे दोन जातीचे स्क्रू असतात, त्यातला लांब असेल तो बरोब्बर आखूडच्या जागी लावला की फळीच्या बाहेरून टोक दिसतं, तिथे पुढे पिशवी अडकवता येते.

मग येतं मिनीफिक्स. म्हणजे ते गोल चकतीसारखं असतं ना, एका फळीत बोल्ट उभा करायचा, दुसऱ्या फळीच्या भोकात ही चकती टाकायची, चकतीवर छोटा बाण असतो तो बोल्ट येणार त्या बाजूला ठेवायचा, बोल्टचं डोकं आत गेलं की चकती अर्धा फेरा फिरवायची आणि ती त्याला ओढून घट्ट धरते. फार सुंदर कल्पना आहे खरं तर. तुम्ही बाण कुठेही ठेवा. बोल्ट आत जाणार नाही, मग गुडघा लावा. गेला की नवीन ड्रिल मशीन काढा आणि चकती फुल स्पीडला आवळा, कर्र असा आवाज आला की समजा झालं काम. तो आवाज पार्टिकल बोर्डचा भुगा होण्याचा असतो. ते लाकूड नाहीच, भुसा आणि गोंद दाबून केलेला बोर्ड आहे, त्यातला आटा एकदा गेला की गेला. मिस्त्री लोक तिथे काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल घालून रात्रभर ठेवतात आणि परत स्क्रू बसवतात, पण ते अडाणी उपाय, आपण यूट्यूब बघू.

मागची पातळ फळी तर लावूच नका. एवढी पुठ्ठ्यासारखी पट्टी, तिला इतके बारीक खिळे, आणि भिंतीकडे तोंड, कोण बघतंय? फक्त एवढंच की अख्ख्या कपाटाचा गुण्या, म्हणजे कोपऱ्यांचा काटकोन, त्या पातळ फळीवर असतो. ती नसली की कपाट हळूहळू एका बाजूला कलतं आणि दारं एकमेकांवर चढतात. मिस्त्री खिळे मारायच्या आधी टेप घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आणि मग उलट्या कोपऱ्यांतून माप घेतो, दोन्ही मापं जुळली तरच ठोकतो. जुनी सवय, दुसरं काय.

एक पट्टी असते भिंतीला कपाट अडकवायची. इथे गंमत बाजूला ठेवतो, ती लावाच. 2016 मध्ये अमेरिकेत आयकियाने सुमारे 2 कोटी 90 लाख ड्रॉवरवाली कपाटं परत मागवली होती, कारण भिंतीला न अडकवलेली कपाटं अंगावर पडून लहान मुलं गेली होती. आता तुमच्या अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटमध्ये मालकाने 'भिंतीत खिळा मारू नये' असं लिहून घेतलेलं असेल तर त्याला फोन करा, भांडा, पण भिंतीत गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी खुंटी) ठोकून पट्टी लावा. असो.

अकरा महिन्यांवरून आठवलं. ॲग्रीमेंट संपलं, मालकाने भाडं वाढवलं, तुम्ही कोथरूडवरून वाकडला निघालात की हे कपाट परत खोलायचंय आणि तिकडे परत जोडायचंय, त्याच भोकांत. हे घेताना कुणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. दोन-तीन घरं बदलली की कपाट दार उघडताना मान डोलवायला लागतं, पाहुण्यांना वाटतं स्वागत करतंय.

पण एवढं सगळं होऊनही तुम्हाला ते आवडणार, हे लिहून देतो. हे मी नाही, प्रोफेसर लोक म्हणतायत. 2012 मध्ये नॉर्टन, मोचॉन आणि एरिअली या तिघांचा अभ्यास छापून आला, नावच त्याचं 'आयकिया इफेक्ट'. नवशिक्या लोकांना कागदाचे बेडूक आणि बगळे करायला लावले, तर ज्याने केला तो स्वतःच्या बेडकाला सरासरी 23 सेंट द्यायला तयार, आणि बाकीचे त्याच चेंगरलेल्या बेडकाला 5 सेंट. कसलेल्या माणसांनी केलेल्याची किंमत 27 आली. म्हणजे आपलं काम आपल्याला जवळजवळ उस्तादाच्या तोडीचंच वाटतं. फक्त अट एक, काम पुरं व्हायला हवं, अर्धवट राहिलं तर हे प्रेम काही बसत नाही. म्हणून मध्ये सोडू नका. आणि पाहुणे आले, नजर कपाटावर गेली, की लगेच "मी स्वतः जोडलंय" सांगून टाका, म्हणजे पाच सेंटवाली माणसं तोंडावर काही बोलू शकत नाहीत.

आणि तरीही रविवारी रात्री एक दार हातात राहिलंच, तर सोमवारी मिस्त्रीला बोलवा, पण तुम्ही हरलाय असं त्याला कळू द्यायचं नाही. तो खाली बसेल, पुस्तिकेकडे बघणारही नाही, दोन बोटांनी चकती फिरवून बघेल आणि विचारेल, "हे आधी कुणी लावलं होतं का?" दुकानवाल्यांनी, असं सांगा. बायको तेवढ्यात चहा घेऊन आत आली तर तिच्याकडे बघू नका. मग तो म्हणेल, साहेब, हे सगळं खोलावं लागेल, खोलायचे वेगळे आणि लावायचे वेगळे.

इथे अजिबात नरम पडायचं नाही. "अहो, अर्ध्या तासाचं तर काम आहे!"